रात्रीला लांब काम: बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या मशीन शॉपच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

लाभपाचमीचा मुहूर्त करून मशीनं सुरू झाली त्याला आठवडा झाला, आणि दिवाळीआधी जायला हव्या होत्या त्यातल्या सात ऑर्डरी अजून आमच्याच शेडमध्ये आहेत. आज शेठशी बोललो. रोज संध्याकाळचे दोन तास आणि ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर मिळाला. जेनेटिक अल्गोरिदम (वेळापत्रकांच्या पिढ्या वाढवत चांगलं शोधण्याची पद्धत) वापरून आमचं वेळापत्रक काढता येतं का, हे बघायचं आहे.

आम्ही वॉल्व्हचे भाग करतो. बॉडी, बॉनेट (तिचं झाकण), स्टेम (वॉल्व्ह उघडणारी-मिटणारी दांडी), ग्लँड (दांडीपाशी गळती थांबवणारा भाग). सहा सीएनसी (कॉम्प्युटरने चालणारे) लेथ, दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशीनं), एक रेडियल ड्रिल, एक ग्राइंडर, एक लॅपिंग मशीन. आज हातात ६४ ऑर्डरी आहेत, त्यांची मिळून २१२ ऑपरेशन्स. कुठलं ऑपरेशन कुठल्या मशीनवर कधी लागायचं, हे रोजचं काम लावणाऱ्या काकांच्या डोक्यात असतं आणि त्यांच्या टेबलामागच्या फळ्यावर. फळ्यावर मॅग्नेटच्या कापलेल्या पट्ट्या आहेत: निळी म्हणजे बॉडी, पिवळी म्हणजे स्टेम, लाल म्हणजे गिऱ्हाइकाचा फोन येऊन गेला. काका पावणेआठला येतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि वीस मिनिटांत पट्ट्या लावून मोकळे होतात. एकतीस वर्षं हेच. मे महिन्यात ते निवृत्त होणार आहेत. हा प्रकल्प मी आत्ताच का मागितला, त्याचं खरं कारण ते आहे.

६ नोव्हेंबर

वाचन. जॉन हॉलंड यांनी मिशिगन विद्यापीठात ही पद्धत उभी केली आणि १९७५ साली तिची नीट मांडणी केली. जॉब शॉपच्या (प्रत्येक कामाचा मशीनांवरचा क्रम वेगळा असतो अशा कारखान्याच्या) वेळापत्रकाला ती लावून बघण्याचं काम लॉरेन्स डेव्हिस यांनी १९८५ मध्ये केलं. कल्पना साधी आहे. एकच उत्तम वेळापत्रक शोधत बसायचं नाही. बरीवाईट शंभरेक वेळापत्रकं घ्यायची, चांगल्यांचा आपसात संकर करायचा, अधूनमधून एखादा बदल मुद्दाम घुसवायचा, वाईट गाळायची, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या करत राहायचं.

सगळ्या शक्यता तपासून का बघत नाही, असं शेठनी विचारलं होतं. दहा कामं आणि दहा मशीनं घेतली तरी प्रत्येक मशीनवरचे क्रम धरून जवळपास ४ वर ६५ शून्यं इतक्या मांडण्या होतात. त्यातल्या पुष्कळ अशक्य असतात, पण उरतात त्याही मोजण्यापलीकडच्या. फिशर आणि थॉम्प्सन यांनी १९६३ मध्ये नेमकं असंच दहा बाय दहाचं एक कोडं छापलं. सगळी कामं संपायला कमीत कमी किती वेळ लागेल, याचं उत्तर ९३० आहे, याहून कमी होऊच शकत नाही, हे सिद्ध व्हायला १९८९ उजाडलं. शेठना हा आकडा सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘‘म्हणजे काका रोज सकाळी हेच करतात?’’ हो, हेच करतात.

१० नोव्हेंबर

वेळापत्रकाचं गुणसूत्र, म्हणजे संकर करता येईल अशी आकड्यांची ओळ, कसं लिहायचं, यात दोन संध्याकाळी गेल्या. मशीनवार क्रम लिहून पाहिले. संकर केला की भलतंच होतं: ड्रिलिंग टर्निंगच्या आधी येतं, किंवा दोन मशीनं एकमेकांची वाट बघत अडकून पडतात.

मग ऑर्डरीचा नंबर पुन्हापुन्हा लिहिण्याची पद्धत घेतली. जितकी ऑपरेशन्स, तितक्या वेळा नंबर. समजा तीन ऑर्डरी आहेत आणि प्रत्येकीची दोन ऑपरेशन्स. गुणसूत्र असं: २ १ २ ३ १ ३. डावीकडून वाचत जायचं. पहिला २ म्हणजे दुसऱ्या ऑर्डरीचं पहिलं ऑपरेशन, पुढे दिसलेला २ म्हणजे तिचंच दुसरं. नंबर कसेही हलवा, ऑपरेशनांचा क्रम मोडतच नाही. हे कागदावर उतरलं तेव्हा फार बरं वाटलं.

संकरही त्याच धर्तीचा. आई २ १ २ ३ १ ३, बाप ३ ३ १ २ १ २. आईकडून ऑर्डर १ च्या जागा जशाच्या तशा घेतल्या, उरलेल्या जागा बापाच्या क्रमाने भरल्या: ३ १ ३ २ १ २. मूल कायम चालणारं निघतं. नुसती मधोमध कापाकापी केली असती तर एका ऑर्डरीचं टर्निंग तीनदा झालं असतं आणि दुसरीचं झालंच नसतं.

१३ नोव्हेंबर

आमचा डेटा घालण्याआधी प्रोग्रॅम बरोबर आहे का ते छापील कोड्यांवर पारखलं. फिशर–थॉम्प्सन यांचं सहा बाय सहाचं कोडं: उत्तर ५५, काही सेकंदांत आलं. दहा बाय दहाचं दहा वेळा चालवलं. सगळ्यात चांगला आकडा ९५१, ९३० एकदाही नाही.

का अडकतं ते बघायला साठाव्या पिढीतली सगळी १२० गुणसूत्रं छापून एकाखाली एक ठेवली. पहिले तीस-चाळीस आकडे प्रत्येक ओळीत तेच. सगळं कुटुंब एकाच आजोबांचं झालेलं, संकर करून नवीन काही निघणार कुठून? निवडीचा दाब जास्त होता. संकरासाठी पाचांतून सगळ्यात चांगलं एक निवडत होतो, ते तिघांतून एक केलं. हुबेहूब जुळे आले की दुसरा काढून टाकायचा. दर पिढीत चारपाच अगदी नवे परके आणायचे. ९३७ पर्यंत आलो. मला इतकं पुरे आहे, आमच्या शॉपमध्ये इतक्या अचूक वेळाच नाहीत.

१८ नोव्हेंबर

आमच्या ६४ ऑर्डरी घालून पहिला चार्ट काढला. शेवटचं काम संपायला सध्या जितके दिवस लागतात त्याहून दीड दिवस कमी. उत्साहात प्रिंट घेऊन काकांकडे गेलो.

त्यांनी चार्ट टेबलावर पसरला, बोट ठेवत एकेक ओळ वाचली. ‘‘अरे, ही सहा इंची बॉडी तर शनिवारी द्यायची आहे. तू ती पुढच्या बुधवारी लावलीस.’’

चूक माझ्या मापात होती. मी फक्त ‘सगळं कधी संपेल’ एवढंच मोजत होतो. एका लेथवर आठ तासांचं एक काम आहे आणि दोन तासांचं एक. कुठलंही आधी घ्या, दहा तासांनीच दोन्ही संपणार. त्या मापाला फरक कळतच नाही. पण दोन तासांचं काम आज संध्याकाळी ट्रकमध्ये जायचं असेल तर सगळा फरक त्यातच आहे. छापील कोड्यांना देण्याची तारीख नसते. गिऱ्हाइकाला असते.

२० नोव्हेंबर

माप बदललं. आता प्रत्येक वेळापत्रकाला दंड लागतो. उशिराच्या प्रत्येक दिवसाला दंड, लाल पट्टीच्या ऑर्डरीला तिप्पट, सेटिंगमध्ये, म्हणजे पुढच्या कामासाठी मशीन तयार करण्यात, गेलेल्या प्रत्येक मिनिटाला थोडा दंड, एकूण वेळेला अगदी किरकोळ. कोणाला किती वजन द्यायचं ते काकांनी आणि शेठनी बसून ठरवावं असं म्हटलं. अर्धा तास दोघांची बोलाचाली झाली. शेठना मोठी गिऱ्हाइकं आधी हवीत. काका म्हणाले, ‘‘लहान गिऱ्हाइकाचं एकच मशीन आपल्या एका स्टेमसाठी बंद पडलेलं असतं.’’ शेवटी दोघांनाही एक आकडा मान्य झाला. इतक्या वर्षांत काकांवर ते वाक्य बोलण्याची वेळच आली नव्हती, कारण कोणी आकडा मागितलाच नव्हता.

२५ नोव्हेंबर

चार नंबर लेथपाशी स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. जॉब कार्डावर सेटिंगची वेळ ३० मिनिटं छापलेली आहे आणि मी तीच वापरत होतो.

चार इंची बॉडी संपली, सहा इंची लागायची होती. सेटरने ॲलन कीने चकचे (लेथवर काम पकडणाऱ्या भागाचे) तिन्ही सॉफ्ट जॉ, म्हणजे जबडे, सैल केले, उतरवले. चकच्या दातांत बारीक चुरा अडकला होता, तो ब्रशने जाईना म्हणून तारेने टोकरून काढला. एक दात जरी भरलेला राहिला तरी जॉ तिरका बसतो. नवे जॉ लावले, मध्ये रिंग पकडली, बॉडीच्या मापाला जॉ बोअर केले, डायल लावून फिरवून बघितलं. काटा दोन शतांश मिलिमीटरच्या आत आला तेव्हा त्याने मान डोलावली. मग टरेटवरचं एक बोअरिंग बार बदललं, ऑफसेट (टूलच्या मापांच्या दुरुस्त्या) घातले, पहिला पीस काढला. तो पीस हातात घेऊन तो तपासणीच्या खोलीत गेला आणि तिथे सव्वीस मिनिटं थांबला, कारण तपासनीस व्हीएमसीवर होता.

एकूण ९५ मिनिटं. कार्डावर ३०.

पाच दिवस मी ज्या आकड्यांवर पिढ्या चालवत होतो ते आकडेच खोटे होते, हे लिहून ठेवतो. पुढे कोणी हे काम हातात घेतलं तर अल्गोरिदम लिहिण्याआधी घड्याळ घेऊन मशीनपाशी उभं राहावं.

२९ नोव्हेंबर

काकांबरोबर बसून सगळे भाग जॉच्या हिशेबाने वाटले. ३८ भाग, सात कुळं. त्याच कुळातून त्याच कुळात गेलो तर २० मिनिटं, फक्त प्रोग्रॅम आणि ऑफसेट. दुसऱ्या कुळात गेलो तर ९५. बारच्या (लांब सळईच्या) कामावरून चकच्या कामावर आलो तर १४०. म्हणजे सेटिंगला किती वेळ लागेल ते त्याच्या आधी मशीनवर काय होतं यावर ठरतं, आणि तो आकडा कुठल्याच कार्डावर लिहिता येत नाही.

हा तक्ता काकांच्या वहीत होताच. वेगळ्या भाषेत: ‘बॉनेटनंतर ग्लँड चालेल. स्टेमनंतर बॉडी नको.’

३ डिसेंबर

तक्ता घातल्यावरचं पहिलं वेळापत्रक. जॉ बदलण्याच्या वेळा एकदम उतरल्या. काकांनी पुन्हा बोट ठेवलं: ‘‘रात्री पावणेबाराला जॉ कोण बदलणार?’’

दोन पाळ्या, आठ ते आठ. सेटर दोघेच, दोघेही दिवसपाळीचे. रात्री ऑपरेटर पीस चढवतो, उतरवतो, टूलचं इन्सर्ट (कापणारं टोक) पालटतो. जॉ बोअर करत नाही. मला हे माहीत होतं. प्रोग्रॅमला सांगायचं राहिलं होतं. आता गुणसूत्र वाचताना नियम घातला: वेगळ्या कुळाची सेटिंग सकाळी आठ ते रात्री आठमध्येच पूर्ण होईल, नाहीतर मशीन सकाळपर्यंत थांबेल. आणि एका वेळी दोनच सेटिंगा.

नियम दंडात घालायचा की वाचण्यातच घालायचा, यावर विचार केला. दंडात घातला तर अशक्य वेळापत्रकंही स्वस्तात पडली की जिवंत राहतात. ज्या गोष्टी होऊच शकत नाहीत त्या वाचण्यात घालाव्यात, ज्या होऊ शकतात पण नको आहेत त्या दंडात.

५ डिसेंबर

आजची नोंद सविस्तर लिहितो.

१२० गुणसूत्रं, ४०० पिढ्या. एक वेळापत्रक वाचून दंड काढायला चार मिलिसेकंद, म्हणजे सगळं मिळून तीन मिनिटांच्या वर थोडं. दर दहा पिढ्यांनी सगळ्यात चांगलं वेळापत्रक साठवून ठेवत होतो. सुरुवातीच्या पिढ्यांत रात्रीची मशीनं जागोजागी थांबलेली, चार्टवर पांढरी भोकं. शंभराव्या पिढीच्या पुढे ती भरत गेली. कशाने भरली ते बघितलं. संध्याकाळी सात वाजता प्रत्येक लेथवर एकेका कुळाचं मोठं काम येऊन बसत होतं, ऐंशी-नव्वद पीसांचं, सकाळपर्यंत पुरेल असं. लहान लहान, वेगवेगळ्या जॉची कामं दिवसा सरकली होती, सेटर असताना.

हे मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. फक्त रात्री जॉ बदलता येत नाही एवढंच सांगितलं होतं.

काकांना दाखवलं. ते बराच वेळ चार्टकडे बघत राहिले. ‘‘रात्रीला लांब काम द्यावं,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या पहिल्या फोरमनने मला हे सांगितलं होतं. मी तुला सांगितलं होतं का रे?’’ नव्हतं सांगितलं. त्यांनी पट्ट्यांचा डबा उघडला आणि चार्टमध्ये बघत स्वतः फळा लावायला घेतला. दोन ठिकाणी त्यांनी क्रम बदलला, मी विचारलं नाही.

९ डिसेंबर

त्या दोन जागांबद्दल आज विचारलं. एकीत त्यांचं बरोबर होतं: त्या कास्टिंगमध्ये वाळूची भोकं निघतात, म्हणून पहिले दहा पीस लवकर टर्न करून घ्यायचे, फाउंड्रीला परत पाठवायला वेळ मिळतो. दुसरीत सवय होती, ते स्वतःच म्हणाले.

प्रामाणिकपणासाठी साधे नियमही तपासले. ज्याची तारीख आधी ते आधी, एवढ्याच नियमाने लावलं तर दंड बराच चढतो, सेटिंगा वाढतात. पण तारीख बघायची आणि तारखा जवळच्या असतील तर जॉ न बदलणारं आधी घ्यायचं, या दोन ओळींच्या नियमाने अल्गोरिदमच्या बरंच जवळ जाता येतं. ज्याच्या शॉपमध्ये चारच मशीनं आहेत त्याने या दोन ओळी फळ्यावर लिहाव्यात, बाकी काही करू नये.

आणखी एक तपासलं. गूगलच्या ओआर-टूल्समधल्या सीपी-सॅटला (अटी पाळून अचूक उत्तर शोधणाऱ्या तयार प्रोग्रॅमला) ते दहा बाय दहाचं कोडं दिलं, तर ९३० हे उत्तर सिद्धतेसकट काही सेकंदांत आलं. शुद्ध कोड्यासाठी तेच हत्यार चांगलं. तरी मी याच वाटेवर राहतोय. काका शेजारी बसून ‘हे चालणार नाही’ म्हणतात आणि मी ते पाच मिनिटांत साध्या भाषेत वाचणाऱ्या भागात लिहू शकतो, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

१७ डिसेंबर

ऑपरेटर नाराज. रोज सकाळी नवं वेळापत्रक काढतो आणि रोज सगळंच बदलतं. तीन नंबरवाल्याने काल बॉनेटची टूलं काढून ट्रॉलीवर मांडून ठेवली होती, आज त्याला ग्लँड मिळालं. दंडात पाच-दहा गुणांचाही फरक नसतो, पण आकडा किंचित कमी दिसला की प्रोग्रॅम सगळं उलटंपालटं करतो.

दोन उपाय. पुढच्या २४ तासांत जे ठरलं आहे ते गोठवायचं. मशीन बंद पडलं किंवा माल आला नाही तरच हात लावायचा. त्यापुढचं कालच्या योजनेपासून जितकं हलेल तितका दंड. शिवाय सुरुवातीच्या १२० मध्ये कालची योजना आणि काकांचा फळा, दोन्ही गुणसूत्रं म्हणून टाकतो. उरलेले ११८ अगदी अनोळखी. मध्ये एकदा काकांच्या फळ्याच्या तीस प्रती टाकून बघितल्या, तर विसाव्या पिढीत सगळे त्यांचेच वंशज झाले आणि शोध तिथेच थांबला.

तीन नंबरवाल्याशी जाऊन बोललो. त्याला उद्याचं आजच कळेल, हे कबूल केलं.

२ जानेवारी २०२६

डिसेंबरचा हिशेब. जॉ बदलण्याच्या वेळा आठवड्याला ४१ वरून २९ वर आल्या. नोव्हेंबरमध्ये ६४ पैकी १९ ऑर्डरी उशिरा गेल्या होत्या, डिसेंबरमध्ये ५८ पैकी ११. शेठ खूश आहेत.

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. डिसेंबरमध्ये ऑर्डरी कमी होत्या, तेव्हा सगळं श्रेय प्रोग्रॅमला देता येणार नाही. आणि २५ नोव्हेंबरच्या त्या स्टॉपवॉचनंतर पहिल्या पीसच्या तपासणीसाठी लेथच्या रांगेतच एक टेबल आणि बोअर गेज ठेवलं. त्या टेबलाने जॉ बदलण्याची वेळ ९५ वरून सत्तरच्या आसपास आणली. सुधारणेतला मोठा वाटा त्या टेबलाचा आहे. पण घड्याळ घेऊन उभं राहायची वेळ आली ती अल्गोरिदमला खरे आकडे हवे होते म्हणून, हेही तितकंच खरं.

९ जानेवारी

कॅलेंडर भरलं. १४ ला उत्तरायण (पतंगांची संक्रांत), १५ ला वासी उत्तरायण (तिचा दुसरा दिवस), बडोद्यात त्या दोन दिवसांत लेथवर कोणी मिळणार नाही, सगळे गच्चीवर. १३ च्या रात्रपाळीलाही निम्मेच येणार असं काकांनी धरायला सांगितलं.

स्टेमचं नायट्रायडिंग (भट्टीत पृष्ठभाग कडक करणं) बाहेर होतं. प्रोग्रॅममध्ये बाहेरचं काम म्हणजे कधीही रिकामं असलेलं एक मशीन, तीन दिवस धरलेले. काका म्हणाले तसं नाही. भट्टी भरली की चढते, आणि एकदा चढली की तिची वेळ पुरी होईपर्यंत कोणी उतरवत नाही, सण असो नसो. मग बाहेरच्या कामाला ‘या वेळेआधी पोचलं तर या भट्टीत, नाहीतर पुढच्या’ असा नियम लिहिला. उत्तरायणाआधीची शेवटची भट्टी १३ ला संध्याकाळी सहाला भरणार आहे, फोन करून विचारलं.

१३ जानेवारी

नव्या नियमाने चालवल्यावर योजनेने तीन दिवसांपूर्वीच बारच्या लेथवर स्टेम पुढे ओढले होते आणि दोन बॉडींच्या ऑर्डरी, ज्यांची तारीख २२ आहे, मागे टाकल्या होत्या. आपली मशीनं बंद असतील तेव्हा भट्टी चालू असेल, तर भट्टीत जायचं ते आधी संपवा, असा त्याचा अर्थ. काकांनी काहीच हलवलं नाही.

दुपारी एकच्या सुमाराला शेवटचं स्टेम उतरलं. बर (कडेला राहिलेली धातूची धार) काढून, रॉकेलच्या ट्रेमधून धुऊन, पुसून, जाळीच्या बाहीत घालून पेटीत उभं केलं. ४६ झाले. चलन बनवायला पाच मिनिटं लागली. काका स्वतः दारापर्यंत आले, टेम्पोवाल्याला पेटी उभीच ठेवायला सांगितली, आडवी नको, थ्रेडला मार लागतो. पावणेचारला टेम्पो सुसेन सर्कलच्या दिशेने गेला. सव्वापाचला पोचल्याचा फोन आला.

परत येऊन काकांनी फळ्यावरच्या पिवळ्या पट्ट्या काढल्या आणि १६ तारखेच्या रकान्यात ग्राइंडरसमोर लावल्या. मग पट्ट्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. १६ च्या बाकीच्या मी लावल्या.